भेस्तानच्या बालवाडीत भावनांचा तास

बालवाडीत नोकरी करणाऱ्या बाईला घरी टीव्ही लागत नाही, असं माझी नणंद म्हणते. ती दर रविवारी फोन करते, "आज काय नवीन?" एवढंच विचारते आणि मग मी तासभर बोलत बसते. किस्से गोळा करावे लागत नाहीत. पोरांच्या खिशात खडे साचतात तसे ते आपोआप साचत जातात. या वर्षी मात्र खिसे फाटायची वेळ आली, कारण या वर्षी आमच्याकडे भावनांचा प्रकल्प आला.

त्याआधी आमच्या पोरांना भावना नव्हत्या असं समजू नका. पोरं रडायची, चावायची, एकमेकांच्या डब्यात थुंकायची, दुसऱ्या मिनिटाला गळ्यात गळे घालून बसायची. पण त्याचा कोणी फॉर्म भरत नव्हतं.

आधी ओळख करून देते. सुरतेत भेस्तानला एका ट्रस्टची मराठी बालवाडी आहे. एक हॉल, बत्तीस पोरं, मी आणि रंजनाताई. रंजनाताई आमच्या तेडागर. गुजरातेत बालवाडीतल्या मदतनीस बाईला तेडागर म्हणतात. घरोघरी जाऊन पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची आणि मी फार हवेत गेले की मला खाली ओढायचं, ही तिन्ही कामं त्या एकाच पगारात करतात. पोरं बहुतेक खानदेशातली, बापांची कामं लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि माझ्यापुढे आल्यावर यातलं जे हाताला लागेल ते.

जूनमध्ये ट्रस्टनं ध्वनी मॅडमना पाठवलं. वय सव्वीस-सत्तावीस, कसलासा ऑनलाइन कोर्स केलेला, आणि चेहऱ्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच हसू. लहान मुलांना स्वतःच्या भावना ओळखायला आणि सांगायला शिकवायचं, हे त्यांचं काम. काम चांगलंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार फॉर्मबद्दल आहे. त्यात बारा रकाने होते आणि बारावा असा होता: "मूल आपली भावना शब्दांत सांगते का?" तिथं "नाही" पडलं की ट्रस्टच्याच वरच्या मजल्यावरच्या शाळेत पहिलीची फुकट जागा मिळणार नाही.

फॉर्म हातात आला तेव्हा तो रकाना मी दोनदा वाचला, कारण माझ्या वर्गात निकिता होती. साडेपाच वर्षांची. शंभरपर्यंत आकडे लिहायची, चित्र असं काढायची की मी ते घरी नेऊन फ्रीजवर लावावं. पण बोलायची नाही. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, कान ठीक, जीभ ठीक. वर्षभरात तिच्या तोंडून "पाणी" हा एकच शब्द रंजनाताईंनी ऐकला होता, आणि तोही त्यांना स्वप्नात ऐकल्यासारखा वाटत होता. जागा मिळाली नाही तर पोरीला शिरपूरकडे आजीजवळ ठेवणार, असं तिच्या बापानं मला सांगून टाकलं होतं. इथं दुसरी शाळा परवडत नव्हती. म्हणजे एका रकान्यापायी पोर आईबापापासून तुटणार. हे डोक्यात ठेवूनच पुढचं ऐका आणि हसायचं तेवढं हसा.

०

सगळ्यात आधी आम्हा शिक्षिका आणि तेडागरांचं ट्रेनिंग झालं, कतारगामला ट्रस्टच्या ऑफिसात. एसी इतका थंड की निम्म्या बायकांनी पदर डोक्यावरून घेतला होता. मॅडम म्हणाल्या, "बच्चों से पहले हम खुद अपनी भावना पहचानेंगे. आँखें बंद कीजिए." आम्ही वीस बायकांनी डोळे मिटले. दोघीजणी तिथंच झोपल्या.

मग एकेकीला विचारायला सुरुवात झाली, "अभी आपको अंदर क्या महसूस हो रहा है?" पहिलीनं सांगितलं, शांती. दुसरीनंही शांती. आठव्या बाईपर्यंत नुसती शांतीच चालली होती, कारण पहिलीला मॅडमनी टाळ्या वाजवल्या होत्या.

रंजनाताईंची पाळी आली. त्या म्हणाल्या, "मला बाथरूमला जायचंय."

मॅडम हसून म्हणाल्या, "बेन, वो भावना नहीं है, वो शरीर की जरूरत है."

"पाऊण तास धरून बसलं की भावनाच होते, मॅडम," रंजनाताई म्हणाल्या.

त्यांच्यामागोमाग अकरा बायका उठल्या. शांतीवाल्या सगळ्या त्यात होत्या.

०

वर्गात पहिली गोष्ट आली ती चेहऱ्यांचा तक्ता. पुठ्ठ्यावर सहा गोल चेहरे: आनंद, दुःख, राग, भीती, कंटाळा, आश्चर्य. प्रत्येक पोराच्या, आणि माझ्याही, नावाचा कपडे वाळत घालायचा एक चिमटा. सकाळी आल्या आल्या पोरानं आपला चिमटा आपल्याला वाटेल त्या चेहऱ्याला लावायचा. संध्याकाळी मी तक्त्याचा फोटो काढून मॅडमना पाठवायचा.

पहिल्या दिवशी बत्तीसपैकी एकतीस चिमटे रागाला लागले. मी फोटो पाठवला आणि ट्रस्टमध्ये खळबळ उडाली. दुसऱ्या दिवशी मॅडम एका समुपदेशक बाईंना घेऊन हजर. त्या पोरांच्या मांडीला मांडी लावून बसल्या आणि घरी कोण ओरडतं, कोण मारतं, बाप पितो का, असं सगळं विचारून घेतलं. पोरांनीही पाहुण्या बाईंचं मन मोडलं नाही, जे विचारलं त्याला "हो" म्हणाली. एका पोरीनं तर आमच्याकडे वाघही येतो असं सांगितलं. बाईंनी तेही लिहून घेतलं.

भिंतीला टेकून बघत असलेल्या रंजनाताई शेवटी म्हणाल्या, "मॅडम, रागाचा चेहरा लाल आहे."

"तो क्या?"

"बाकीचे फिके आहेत. लाल छान दिसतो."

मॅडमना ते पटलं नाही, पण त्यांनी रात्रीतून नवा तक्ता छापून आणला. त्यात राग राखाडी आणि आनंद लाल. दुसऱ्या दिवशी एकतीस चिमटे आनंदाला. पुढच्या महिन्यात ट्रस्टच्या पत्रकात आमच्या वर्गाचा फोटो आला, खाली लिहिलेलं: "अवघ्या काही दिवसांत रागाकडून आनंदाकडे." रंजनाताईंनी ते पत्रक बरणीखाली घातलं.

बत्तिसावा चिमटा दोन्ही दिवशी निकिताच्या मुठीत होता. तिनं तो कुठंच लावला नाही. मॅडमनी तिच्या नावापुढे लिहिलं, "भावना अनुपस्थित."

०

तक्त्यानंतर आलं वाक्य. मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "मला अमुक वाटतंय, कारण तमुक." मुलानं रडायचं नाही, आपटायचं नाही, हे वाक्य म्हणायचं. पोरांना हे पाढ्यांपेक्षा सोपं वाटलं. आठ दिवसांत सगळा वर्ग वाक्यात बोलायला लागला. "मला राग आलाय, कारण कुणालनं माझी पेन्सिल खाल्ली." "मला आनंद झालाय, कारण मी त्याची पेन्सिल खाल्ली." मी खरंच खूश झाले. भांडणं निम्म्यावर आली असं मला वाटलं.

नवव्या दिवशी सार्थकची आई दारात उभी. हातावर साडीला लावायच्या टिकल्यांचा गोंद तसाच.

"बाई, तुम्ही पोऱ्याले काय शिकाडी ऱ्हायनात?"

"का हो, काय झालं?"

"पह्यले मारं का रडे. आते भाषण देस. म्हणे, माले दुःख व्हयनं, कारण तू माले मारं."

मला आतून अगदी भरून आलं. मॅडमच्या फॉर्ममध्ये उदाहरण म्हणून छापावं असं ते वाक्य. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी बी तसंच सांगं. माले राग येल शे, कारण तू दूध सांडं."

"वा. आणि मग?"

"मंग दोन्हीस्नं बोलनं व्हयनं," ती शांतपणे म्हणाली, "आनि मंग दिन्ह्यात आखो दोन."

संवाद दोन्ही बाजूंनी झाला होता, सार्थकला मात्र आणखी दोन धपाटे पडले होते. मी हा किस्सा मॅडमना सांगितला. त्यांनी "पालक सहभाग: उत्तम" असं लिहिलं.

०

दिवाळीनंतर आली रागाची उशी. निळ्या कापडाची, लठ्ठ, तिच्यावर कपाळाला आठ्या घातलेला चेहरा शिवलेला. ज्याला राग येईल त्यानं माणसाला मारायचं नाही, उशीला मारायचं. कल्पना मला आवडली. अडचण एवढीच की उशी एक आणि पोरं बत्तीस.

पहिल्याच दिवशी उशीवरून चार मारामाऱ्या झाल्या. म्हणून मी नंबर लावला. मग असं झालं की ज्याला साडेनवाला राग आला त्याचा नंबर अकराला लागायचा. तोपर्यंत राग निघून गेलेला असायचा, पण नंबर कोण सोडणार? मग पोरं रांगेत उभी राहून राग आठवायची. एकजण म्हणाला, "बाई, मला उद्या राग येणार आहे, नाव लिहून ठेवा." मी लिहून ठेवलं. सरकारी ऑफिसात याहून वेगळं काय चालतं?

पण खरा किस्सा एका बुधवारचा. मॅडम वर्गात होत्या, फोन वाजला. पलीकडे ट्रस्टचे मोठे शेठ, रमणीकभाई. मॅडम उभ्या राहून बोलत होत्या. "जी सर. सॉरी सर. हो जाएगा सर." पाच मिनिटं नुसतं हेच चाललं. हसू तसंच. फोन ठेवला आणि त्यांनी रंजनाताईंना अगदी गोड आवाजात विचारलं, "बेन, वो पिलो किधर रखा है?"

उशी मळते म्हणून रंजनाताईंनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोठीच्या खोलीत ठेवली होती. मॅडम आत गेल्या, दार लावलं. आतून धप, धप, धप असा आवाज यायला लागला. तांदळाच्या डब्याची झाकणं वाजली.

मी आणि रंजनाताईंनी एकमेकींकडे बघितलं. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. एवढीशी मुलगी, आईवडिलांनी शिकवली, आणि बत्तीस पोरांच्या भावना सांभाळायच्या म्हणून स्वतःची एकही भावना तिला बाहेर काढता येत नव्हती. पण वाईट वाटायला फार वेळ मिळाला नाही, कारण वळून बघितलं तर कोठीच्या दाराबाहेर सतरा पोरं शिस्तीत रांगेत उभी होती.

दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या, केस नीट करत, हसत. रांगेतला पहिला म्हणाला, "मॅडमचं झालं. आता माझा नंबर."

०

जानेवारीत पालकसभा. निकिताचे वडील, दिनेशभाऊ, पाळी बदलून आले होते. अठरा वर्षं लूमवर काढलेला माणूस. त्या मशिनींच्या आवाजात माणसाचे कान कामातून जातात, त्यामुळे हा माणूस साधं "नमस्कार" म्हणाला तरी समोरचा दोन पावलं मागे सरकतो. आम्हाला त्याची सवय आहे. मॅडमना नव्हती.

मॅडम हळुवारपणे म्हणाल्या, "निकिता घर में बात करती है?"

दिनेशभाऊ गरजले, "करती है ना! बहुत करती है!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "भाई, आप गुस्सा क्यों कर रहे हैं?"

"मैं कहाँ गुस्सा कर रहा है, मॅडम? मैं तो प्यार से बोल रहा है!"

बाजूच्या बाकावरचं एक तान्हं पोर त्या प्रेमानं दचकून रडायला लागलं. मॅडम म्हणाल्या, बच्ची इसी डर से नहीं बोलती. घर में शांत संवाद रखिए, आवाज कम रखिए.

दिनेशभाऊंनी जमिनीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "हमारी खोली के नीचे अड़तालीस लूम चलता है, मॅडम. दिन में भी, रात में भी. शांत किसको बोलूँ?"

फॉर्मवर लिहिलं गेलं: "वडील आक्रमक. मूल दबावाखाली." निकिता तेव्हा बापाच्या मांडीवर बसून त्याच्या शर्टाच्या गुंड्या मोजत होती, इतकी निवांत की मला तिचा हेवा वाटला. मी तोंड उघडलं नाही. माझी नोकरीही त्याच ट्रस्टची. त्या रविवारी मी नणंदेला हा किस्सा सांगितला नाही. मला स्वतःची लाज वाटत होती.

०

आता माझीच एक गोष्ट सांगते, म्हणजे मी फक्त दुसऱ्यांची चेष्टा करते असं कोणी म्हणायला नको.

फेब्रुवारीत मी ठरवलं की पोरीकडून एक वाक्य तरी पाठ करून घ्यायचं. भावना नसली तरी चालेल, वाक्य पाहिजे. म्हणजे वर्षभर मॅडमना ज्यासाठी हसत होते, नेमकं तेच मी करायला निघाले होते. रोज खिचडीनंतर निकिताला जवळ बसवायची आणि सांगायची, "म्हण, मला आनंद झालाय." ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी शेंगदाण्याची चिक्की आणली. चिक्की खाल्ली, बोलली नाही. मी चित्रं दाखवली. तिनं ती रंगवून दिली. मी मोठ्यानं बोलले, हळू बोलले, गाऊन दाखवलं. एक दिवस माझा धीर सुटला आणि मी खेकसले, "अगं, एकदा म्हण की, तुझं काय जातं?"

निकितानं माझ्या गालाला हात लावला, मग उठली आणि तक्त्यावरचा माझ्या नावाचा चिमटा आनंदावरून काढून भीतीवर लावला.

मी तो चिमटा संध्याकाळपर्यंत हलवला नाही. रंजनाताईंनी बघितलं आणि विचारलं, "खरं आहे का?" मी मान डोलावली. मग त्या म्हणाल्या, "बाराव्या रकान्यात हो लिहून टाका ना गुपचूप." मी लिहिलंही असतं, खोटं कशाला बोलू? पण बारावा रकाना मॅडम स्वतः भरणार होत्या, तोही मार्चमध्ये, रमणीकशेठच्या समोर.

०

तर तो मार्चचा दिवस.

शेठ दहाला येणार होते. पोरं नऊपासून कोऱ्या कपड्यांत मांडी घालून बसलेली. पालक मागे भिंतीला टेकून उभे. कार्यक्रम असा: शेठचं भाषण, मग एकेका मुलानं उठून आपली भावना सांगायची, मग खिचडी. एकतीस पोरांकडून मॅडमनी एकच भावना पाठ करून घेतली होती: "मला आनंद झालाय, कारण शेठ आले आहेत." मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "निकिता का आज लास्ट चान्स है, ज्योतीबेन. नहीं बोली तो मैं कुछ नहीं कर सकती." त्यांचा आवाज खरंच दबलेला होता. त्यांच्याही मनाला ते लागत होतं.

शेठ साडेअकराला आले.

तोवर मी दाराशी दिनेशभाऊंच्या शेजारी उभी होते. निकिता पहिल्या रांगेत. मधूनमधून ती मागे वळायची, हात हलवायची, आणि इकडे दिनेशभाऊंचा हात हलायचा. तिनं पाचही बोटं ओठांशी नेली. यांनी तळहात खाली दाबला. तिनं मान वाकडी केली, दोन बोटं मनगटावर आपटली. यांनी परत तळहात दाबला. मला वाटलं होतं पोर चाळा करतेय.

मी विचारलं, "भाऊ, हे काय चाललंय?"

दिनेशभाऊ कुजबुजले. त्यांचं कुजबुजणं म्हणजे तिसऱ्या रांगेपर्यंत. "भूक लागनी म्हणस, बाई. मी सांगं, थांब. ती म्हणस, किती वेळ?"

"हातानं?"

"लूमना खात्यामा कोणले ऐकू येस? समदं हातवरीच चालस." खातं म्हणजे लूमचा कारखाना. त्यांनी करून दाखवलं. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला. अंगठा तोंडाशी म्हणजे चहा. वर धरलेली मूठ झटक्यात खाली ओढली म्हणजे मशीन बंद कर. "आमनं घर बी खात्यानावरच शे ना. तठे बी तसंच बोलतस. हाई ते दिनभर बोलस, मन्हं डोकं खास."

ही पोर दिवसभर बोलते, बापाचं डोकं खाते, आणि मी वर्षभर तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. दहा महिने तिचे हात माझ्या नाकासमोर होते. मला इतका राग आला स्वतःचा की ती निळी उशी त्या क्षणी मलाच हवी होती. मॅडमना जाऊन सांगायला निघाले, तेवढ्यात माईक खरखरला आणि शेठ उभे राहिले.

रमणीकशेठचं भाषण आम्हाला तोंडपाठ आहे. "मैं भी कारीगर था. मैंने भी खाते में बॉबिन भरा है. इन हाथों ने कपड़े का ताका उठाया है." दरवर्षी तेच. आता त्यांच्याकडे किती लूम आहेत कोण जाणे, बोटात चार अंगठ्या, अंगावर पांढरा कडक सफारी. त्या कारीगरावर आमच्यापैकी कोणाचाच विश्वास नव्हता. रंजनाताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "गेल्या वर्षी आठव्या वर्षी कामाला लागले होते. औंदा सातव्या."

बारा वाजले. खिचडीचा वास हॉलभर पसरलेला. दोन पोरं बसल्या जागी झोपली, एकाची चड्डी ओली झाली. शेठ आता संघर्षावरून संस्कारांवर आले होते. मॅडम हसत उभ्या होत्या. बत्तीस पोरं आणि पन्नास मोठी माणसं, सगळ्यांना एकच गोष्ट वाटत होती, आणि ती सांगायची हिंमत एकाचीही नव्हती. माझीही नव्हती.

शेठ म्हणाले, "और उस दिन मैंने सोचा, कि मनुष्य को जीवन में..."

पहिल्या रांगेतून निकिता उठली. सरळ शेठच्या समोर जाऊन उभी राहिली, त्यांच्या डोळ्यांत बघितलं, उजवी मूठ डोक्याच्या वर नेली आणि झटक्यात खाली ओढली.

माझ्या शेजारी दिनेशभाऊंच्या तोंडातून "आय" एवढंच निघालं.

शेठ थांबले. वाक्य अर्ध्यावरच राहिलं. त्यांचा हात आपोआप खाली आला, माईक टेबलावर ठेवला गेला, आणि ते मागच्या खुर्चीवर बसले.

मॅडम पाण्याचा ग्लास घेऊन धावल्या. "सर, तबियत?" शेठनी ग्लास घेतला नाही. ते निकिताकडे बघत होते आणि स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"आ कोनी छोकरी छे?" त्यांनी विचारलं.

दिनेशभाऊ हात जोडून पुढे गेले. "माफ करो शेठ, बच्ची है," असं त्यांनी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की झोपलेली दोन पोरं उठून बसली.

मॅडमचं हसू पहिल्यांदाच गळून पडलं होतं. फॉर्म छातीशी धरून त्या एका दमात बोलत सुटल्या. "सॉरी सर, सॉरी. ये निकिता है सर. इसका बारहवाँ कॉलम ही खाली है. मैंने बहुत कोशिश की सर, ये कुछ एक्सप्रेस ही नहीं करती. ये बोलती नहीं है सर."

शेठनी हात पुढे केला. मॅडमनी फॉर्म दिला. त्यांनी तो मांडीवर नीट पसरला, सफारीच्या खिशातून पेन काढलं, टोपण दातांनी उघडलं आणि वर बघितलं.

"बोलती नथी?" ते म्हणाले. "बेन, एणे तो मने बंध करी दीधो."